डोळे दिलेस, पोचवणार कधी?

गेल्या श्रावणात काचेचं कपाट उघडलं, तर दुसऱ्या फळीवरच्या स्वाराच्या घोड्याचा मागचा पाय निखळलेला. कोणी पाडला नव्हता. पायाच्या जागी चिमूटभर पांढरी भुकटी होती, रांगोळीसारखी. बोट लावलं तर उरलेला खूरही बोटाला लागून आला.

आमच्या छंदातली माणसं याला शिशाचा रोग म्हणतात. लाकडातून एक आंबूस वाफ सुटत असते. व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल. बंद कपाटात ही वाफ आणि ओलावा एकत्र आले की शिसं हळूहळू पांढरं पडतं, फुगतं आणि भुकटी होऊन सांडतं. रत्नागिरीत जून ते सप्टेंबर कमरेच्या पट्ट्यालासुद्धा बुरशी येते, तिथे शिशानं तग धरावा ही अपेक्षा माझीच चुकीची. कपाट मी हौसेनं करून घेतलं होतं. सुतारानं साग म्हणून जे लाकूड लावलं ते काय होतं, देव जाणे.

तो घोडा मी १९८३ साली रंगवला होता. त्याची भुकटी कागदावर गोळा करताना आप्पांचा म्हणजे माझ्या वडिलांचा प्रश्न आठवला. तो त्यांनी मला १९६९ साली विचारला होता. त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही, आणि आप्पांना जाऊनही तीस वर्षं होत आली.

आप्पांची गणपतीची शाळा होती. कोकणाबाहेरच्या माणसाला सांगायला हवं की ही शाळा म्हणजे मूर्ती करण्याची जागा. कारखाना म्हणायची पद्धत नंतर आली. घराच्या मागच्या पडवीत आषाढापासून शाडूची पोती येऊन पडायची. नागपंचमीच्या सुमारास लोक आपापले पाट आणून द्यायचे. पाट ज्याच्या त्याच्या घरचा, पिढीजात. खाली खडूनं नाव आणि मूर्तीची उंची लिहिलेली. मूर्ती त्याच पाटावर घडायची आणि त्याच पाटावरून घरी जायची. ‘यंदा जरा सोंड बारीक करा हो’, ‘आमच्याकडे उंदीर उजवीकडेच असतो’ अशा सूचना पाटाबरोबर यायच्या. आप्पा सगळ्यांना हो म्हणायचे आणि स्वतःला हवं तेच करायचे.

माझ्याकडे माती मळणं, खडीचा पांढरा हात देणं आणि पितांबर रंगवणं ही कामं होती. दागिन्यांना हात लावायची परवानगी दहाव्या वर्षी मिळाली. आखणी मात्र आप्पांची. आखणी म्हणजे डोळे काढणं. सगळी मूर्ती रंगून, सुकून, दागिने चढून तयार झाली की सर्वांत शेवटी डोळे. पहाटे आंघोळ करून, चहासुद्धा न घेता, कंदिलाची वात मोठी करून ते बसायचे. आधी पांढरं, मग वरच्या पापणीची काळी रेघ, मग बुबुळ, आणि अगदी शेवटी बुबुळात तिळाहून लहान पांढरा ठिपका. तो ठिपका पडेपर्यंत समोर माती असायची. ठिपका पडला की आप्पा ब्रश खाली ठेवून थोडे मागे सरकायचे, समोर कोणीतरी येऊन बसल्यासारखे. पडवीत कोणी बोलत असेल तर तोही गप्प व्हायचा. हे कोणी शिकवलेलं नव्हतं.

आता शिपायांकडे येतो.

माझा मामा जहाजावर होता. रत्नागिरीत, खरं तर साऱ्या किनाऱ्यावर, अशा मामांची कमतरता नाही. १९६९ च्या मे महिन्यात त्यानं लिव्हरपूलहून एक जुना खोका आणला. आत लाल डगले आणि अस्वली टोप्या घातलेले सहा इंग्रज पहारेकरी होते. ‘ब्रिटन्स’ या कंपनीचे. या कंपनीनं १८९३ साली शिपाई आतून पोकळ ओतायची युक्ती काढली. शिसं कमी लागू लागलं, किंमत उतरली आणि श्रीमंतांच्या पोरांचं खेळणं सामान्यांच्या घरात गेलं. १९६६ साली कंपनीनं शिशाचे शिपाई करणं थांबवलं, म्हणजे माझ्या हाती आले ते शेवटच्या पिढ्यांतले. आप्पांनी खोका पाहिला आणि म्हणाले, “वीस-बावीस वर्षांपूर्वी घालवले ते परत आले?” विनोद कळायला मला काही वर्षं लागली.

सहांपैकी एकाचा चेहरा खरवडलेला होता. खालचं करडं शिसं दिसत होतं. पडवीतला मूर्तीच्या अंगाचा रंग थोडा पातळ करून मी त्याला चेहरा दिला आणि आप्पांचा सर्वांत बारीक कुंचला चोरून डोळे काढले. चोपन्न मिलिमीटरचा शिपाई. त्याचं डोकं सात मिलिमीटर आणि डोळा एक मिलिमीटरही नाही. बाराव्या वर्षी हात कापत नाहीत, ते पुढे कापायला लागतात. ठिपका बरोबर पडला. मी मागे सरकलो. तेवढ्यात मागून आप्पांचा आवाज आला. मला वाटलं, कुंचल्यावरून मार बसणार. त्यांनी शिपाई हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, “बरे झालेत. डोळे दिलेस याला. पोचवणार कधी?”

पोचवणं म्हणजे काय हे मला माहीत होतं. दीड दिवसांनी, पाच दिवसांनी किंवा गौरींबरोबर आम्ही गणपती मांडवीला पोचवायचो. ज्या हातांनी आखणी केली तेच हात मूर्ती पाण्यात सोडायचे. आप्पांच्या हिशेबात डोळे उघडणं आणि निरोप देणं हा एकच सौदा होता.

पुढच्या पन्नासहून अधिक वर्षांत मी सौद्याची अर्धी बाजूच पाळली. माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवली, आणि उरलेला वेळ नि पगार शिपायांवर घातला. वहीत आज १,१४६ ची नोंद आहे. प्रत्येकाचे डोळे मी काढले. पोचवलेला एकही नाही.

आमच्या आळीतल्या भटजींपुढे हा विषय मी एकदा काढला होता. माणूस अभ्यासू, आणि माझ्या छंदाबद्दल त्यांना थोडा आदर, थोडी कीव. त्यांचं उत्तर सरळ होतं. प्राणप्रतिष्ठा झाल्याशिवाय मूर्तीत देव नाही. नेत्रोन्मीलन हा वेगळा विधी आहे, तो दूर्वेनं तूप लावून होतो. तुमच्या वडिलांची आखणी ही कारागिरी. आणि उत्तरपूजा करून, अक्षता टाकून मूर्ती जागची हलवली की देव गेला. नंतर पाण्यात सोडता ती मातीच. तेव्हा तुमचे शिपाई बाहुल्या आहेत, खुशाल ठेवा.

तर्कात खोट नव्हती. घरी येऊन मी हे आप्पांना सांगितलं. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, “मग शाळेतून गणपती नेताना तोंडावर रुमाल कशाला टाकतात?”

मी निरुत्तर झालो. खरंच टाकतात. पाट डोक्यावर घेण्याआधी घरचा कर्ता माणूस खिशातून स्वच्छ रुमाल काढतो आणि मूर्तीचं तोंड झाकतो. दारात आल्यावर, पायावर दूध-पाणी घालून, मगच तो रुमाल निघतो. मंत्र अजून म्हटलेले नसतात. पोथीच्या हिशेबानं वाटेवर ती फक्त माती आणि रंग आहे. मातीची दृष्ट काढत नाहीत आणि मातीला लाजही नसते. तरी गावातला प्रत्येक माणूस ते तोंड झाकतो, कारण डोळे उघडलेले आहेत आणि ते वाटेवरचं काहीबाही बघतील. पोथी काहीही म्हणो, आमच्या कोकणातल्या रुमालाचं शास्त्र वेगळं आहे. मला ते पोथीपेक्षा अधिक पटतं. भटजींना मी हे सांगितलं नाही. त्यांच्याही घरी गणपती रुमाल टाकूनच यायचा.

लग्न झाल्यावर आणखी एक धक्का बसला. सासुरवाडी सातारा जिल्ह्यातली. पहिल्या सणाला गेलो, देवघरासमोर बसलो आणि बघतच राहिलो. ताम्हनात चांदीचे टाक मांडलेले. एकावर खंडोबा, घोड्यावर, हातात तलवार. दुसऱ्यावर भवानी. आणि तिसऱ्यावर एक साधा स्वार, पागोटं, भाला. हा कोणता देव म्हणून विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, “देव न्हाई, तो वीर. आमच्यातला. लढाईत गेलेला.” कोणत्या लढाईत, कधी, कोणालाच ठाऊक नव्हतं. नावही नव्हतं. पण त्याला रोज पाणी, रोज गंध, सणाला नैवेद्य. मी ज्याला छंद म्हणत होतो ती वस्तू, दोन इंच उंचीचा घोडेस्वार, तिथे देवघरात बसलेली होती. आमच्याकडे शिपाई काचेच्या कपाटात, त्यांच्याकडे देवात. धातू थोडा महाग, एवढाच फरक.

त्याच गावच्या देवळाबाहेर वीरगळ आहेत. दगडात कोरलेले शिपायांचे कप्पे. खालच्या कप्प्यात तो पडलाय, शेजारी गाई, म्हणजे गुरं पळवणाऱ्यांशी लढताना गेला. मधल्यात अप्सरा त्याला वर नेताहेत. वरच्यात तो शिवलिंगापुढे बसलाय. माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत हा राहील, असा त्याचा अर्थ. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला असेच वीरगळ आहेत, त्यांच्यावर गलबतांची लढाई आहे. ते पाहायला मी मुद्दाम गेलो होतो. वल्ही मारणारी माणसं बोटाएवढी, एकामागे एक. आठशे वर्षांच्या आसपासचं काम असेल. आज एकाही चेहऱ्यावर डोळे उरलेले नाहीत, पावसानं खाल्ले.

म्हणजे आमच्याच लोकांनी दोन्ही केलं. देवाला दीड दिवसात पाण्यात सोडलं आणि शिपायाला चंद्र-सूर्याच्या हवाली केलं. देवाचा निरोप घ्यायला आम्ही डगमगत नाही, कारण तो पुढच्या वर्षी येणार याची खात्री असते. शिपायाची ती खात्री नाही. असं मला बरीच वर्षं वाटत होतं आणि माझ्या कपाटाचं ते चांगलं समर्थनही होतं.

हिंसेबद्दल विचारणारे भेटतातच. माळकरी माणसं घरी येतात, कपाट बघतात आणि विचारतात, तलवारी घेतलेली एवढी माणसं घरात कशाला? यावर मी एच. जी. वेल्सचं उदाहरण देत असे. त्यांनी १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईवर ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक लिहिलं, आणि त्यांचं म्हणणं असं की लढायची खुमखुमी जमिनीवर, शिशाच्या शिपायांनी भागवावी. त्यात कोणाची बायको विधवा होत नाही. युक्तिवाद गोड आहे. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं. उदाहरण देणं मी सोडलं.

गीतेपाशी यावंच लागतं. रत्नागिरीकराला तर फारच. टिळक इथले, १८५६ चा जन्म. त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं मंडालेच्या तुरुंगात. आणि मंडालेचा राजा थिबा १८८५ मध्ये राज्य गमावून बंदी झाला तो आमच्या गावात येऊन राहिला, १९१६ मध्ये इथेच वारला. पाहुणा आला की आम्ही त्याला हा योगायोग ऐकवतोच. पण मला गीतेतलं अडतं ते पहिल्या अध्यायातच. अर्जुन रथ दोन सैन्यांच्या मध्ये न्यायला सांगतो, कारण त्याला बघायचंय. तोवर त्याला आकडा माहीत होता: अकरा अक्षौहिणी तिकडे, सात इकडे. आकड्यानं त्याचे हात कापले नाहीत. रथ थांबला, त्यानं चेहरे पाहिले, आजोबा, गुरुजी, मामा, भाऊ, आणि धनुष्य गळालं.

विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि ती उतरवून घेतली साने गुरुजींनी, तेही आमच्या जिल्ह्यातल्या पालगडचे. विनोबा अर्जुनाला सूट देत नाहीत. ते एका न्यायाधीशाची गोष्ट सांगतात. शेकडो खुन्यांना फाशी देणारा हा माणूस. पण स्वतःचा मुलगा खुनी म्हणून समोर आला तेव्हा त्याला एकाएकी फाशी अमानुष वाटू लागली. विनोबा म्हणतात, हा विवेक नव्हे, मोह. अर्जुनाचंही तेच.

विनोबांशी वाद घालण्याची माझी पात्रता नाही. पण त्यांनी शिपाई रंगवले नव्हते. मला असं दिसतं की न्यायाधीशाला मुलगा समोर आल्यावर जे दिसलं ते खरंच होतं. त्याची चूक झाली ती आधीच्या शेकडोंच्या वेळी, जेव्हा त्याला काही दिसलं नाही. मोह हे पाहण्याचं दार असेल. आत जाऊन तिथेच बसलात तर मोह, पुढे चालत गेलात तर दुसरं काही.

हे मला पानिपतानं शिकवलं. १९९१ ते ९४ ही वर्षं मी १४ जानेवारी १७६१ वर घालवली, दीडशे माणसं. मराठा स्वार रंगवणं फार कष्टाचं, कारण गणवेश नाही. शिलेदार स्वतःचा घोडा नि हत्यार घेऊन यायचा, बारगिराला घोडा सरकारी; पण पागोटं, अंगरखा ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. म्हणजे शंभर स्वार तर शंभर वेगळी माणसं. एकाच्या कोपराला ठिगळ, एकाचं जोडे नसलेलं पाऊल. आणि मग समोरची बाजू. लहानपणी दिवाळीत आम्ही खळ्यात लाल मातीचा किल्ला करायचो, चिऱ्याचे तुकडे रचून, उतारावर मोहरी आणि नाचणी पेरून. बाजारात चित्रं मिळायची: महाराज, मावळे, तोफवाला, गवळण, वासुदेव, गुहेसाठी वाघ. आमच्या बाजारात शत्रू विकायला नसायचा. तटावरचे मावळे डोळ्यांत तेल घालून समोरच्या तुळशीवृंदावनाकडे बघत राहायचे. पानिपतासाठी मला शत्रू स्वतःच करावा लागला. अब्दालीच्या एका पठाणावर मी आठ दिवस बसलो. माझी पद्धत अशी, की आधी आडवा पांढरा पट्टा, त्यावर उभी काळी रेघ, मग अंगाच्या रंगानं वरून-खालून पापण्या कापत आणायच्या. रेघ जराशी कललेली राहिली, आणि तो पठाण कोणाची तरी वाट बघत असल्यासारखा दिसायला लागला. आप्पा तेव्हा ऐंशीच्या घरात होते, नजर अधू. भिंग लावून त्यांनी सगळी फौज पाहिली, आमची आणि त्यांची. पठाणापाशी थांबले. “याचे डोळे तू जास्त मनापासून केलेस,” म्हणाले. मग सवयीनं, “पोचवणार कधी?”

त्यांच्या आईची, म्हणजे माझ्या आजीची गोष्ट त्यांनी तेव्हाच सांगितली. आजीचा धाकटा भाऊ पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला’ गेला. आमच्या लोकांसाठी ते युद्ध म्हणजे बसराच. मेसोपोटेमियात मराठा पलटणी होत्या. गेला तो आला नाही. कागद आला, त्यात काय झालं ते नव्हतं. आणि आजीपुढे एक अडचण उभी राहिली, जी सरकारला कधी सुचली नसती. पितृपक्षात शस्त्रानं मेलेल्यांसाठी चतुर्दशी राखलेली असते, पंचांगात तशी नोंदच असते. तिथी ठाऊक नसेल त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशीची सर्वपित्री. भाऊ गोळीनं गेला की तापानं? तिकडे तापानं, हगवणीनंही माणसं गेली. आजीनं आपल्यापुरता निकाल लावला. मरेपर्यंत ती दोन्ही दिवस पान वाढायची. चतुर्दशीला एक, अमावास्येला एक.

बसऱ्याला त्या युद्धातल्या मृतांचं मोठं स्मारक उभारलं, १९२९ मध्ये खुलं झालं. चाळीस हजारांवर माणसांचं. तिथे इंग्रज शिपायांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही. साध्या हिंदी शिपायांचा मात्र फक्त आकडा: अमुक पलटण, आणखी इतके. आजीच्या भावाचं जगातलं स्मारक म्हणजे एका बेरजेतला एक. ज्याला आई-बहिणीनं नाव ठेवलं, पाचवीला पाटी पुजली, त्याला साम्राज्यानं अक्षौहिणीत मोजला.

वीरगळाबद्दलचं माझं मत इथे बदललं. चंद्र-सूर्य असेपर्यंत उभं राहणं हा काही मान नव्हे. दगडात आकडाही चंद्र-सूर्यापर्यंत टिकेल. आजीचं पान मात्र दरवर्षी वाढलं जायचं आणि दरवर्षी कावळ्याला जायचं. ते वाढणं म्हणजे आवाहन आणि जाणं म्हणजे विसर्जन. माणसाला बोलावून, जेवू घालून, परत पोचवणं. गणपतीशी आपण करतो तेच. साताऱ्याच्या देवघरातला टाकही त्याच्या रोजच्या पाण्यामुळे माझ्या शिपायांहून वेगळा. माझ्या कपाटात फक्त आवाहन आहे. १,१४६ जणांना मी बोलावलं, डोळे दिले, आणि मग काच लावून घेतली. जेवायला कोणालाच वाढलं नाही.

याला धर्मात काय म्हणतात ते मला माहीत आहे: परिग्रह. तलवारी घरात ठेवण्याहून हे पाप जवळचं. माळकरी पाहुण्यांना मी हे उत्तर द्यायला हवं होतं.

एक मात्र मला कधी करवलं नाही. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, पाचव्या मराठा पलटणीचे. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची सगळी तुकडी मशीनगनपुढे पडली; हे एकटे उठून मोर्च्यावर धावून गेले, मोर्चा घेतला आणि मारले गेले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मी दोनदा पुतळी ओतली, खाकी रंगवली, आणि दोनदा डोळ्यांपाशी हात थांबला. ज्याचं छायाचित्र आहे, ज्याचं गाव आणि घर आहे, त्याचे डोळे मी अंदाजानं कसे देणार? त्यांना पोचवणारे त्यांचे लोक आहेत. माझे सगळे बेनामी.

आता व्यवहाराचं. शिशाचा शिपाई पोचवता येत नाही. शिसं विष आहे. समुद्रात सोडलं तर मासे खातील आणि मासे आपण खातो, मिरकरवाड्याच्या बंदरापासून मी चालत दहा मिनिटांवर राहतो. मातीत पुरावं तर विहिरीला लागेल. शिशाला उत्तरपूजा नाही. घोड्याच्या पायाची भुकटी मी झाकणाच्या बरणीत भरून वर चिठ्ठी लावली आहे. हात साबणानं दोनदा धुतले. पोचवण्याच्या जवळपास एवढंच जमलं, आणि तेही माझ्या हातून नाही, कपाटाच्या लाकडाच्या हातून.

शिसं पोचवता येत नाही, म्हणूनच तीन वर्षांपूर्वी, घोड्याचा पाय निखळण्याआधी, आप्पांच्या पडवीत पुन्हा शाडूचं पोतं आणलं होतं. दोन झडपांचा साचा केला. बोटभर उंचीचे शिपाई, कच्चे, न भाजलेले, वर पाण्यात सुटणारा रंग. पितृपक्षातल्या चतुर्दशीला सकाळी आंघोळ करून आखणीला बसतो. हात कापतो, म्हणून डोळे थोडे मोठे होतात. दिवाळीच्या किल्ल्यासाठी आळीतली मुलं येतात, प्रत्येकाला पाच मिळतात. तीन मावळे आणि दोन समोरचे. सुरुवातीला समोरचे कोणाला नको होते, आता त्यांच्यावरून भांडणं होतात, कारण त्यांच्या टोप्या चांगल्या आहेत. अट एकच: तुळशीचं लग्न झालं की शिपाई बादलीत सोडायचे आणि गाळ फडक्यात बांधून मला परत आणून द्यायचा. त्याच मातीतून पुढच्या वर्षीचे.

गेल्या वर्षी चौदा मुलांनी नेले. अकरा पुरचुंड्या परत आल्या. दोघे विसरले. एक मुलगी रिकाम्या हातानं आली आणि म्हणाली, “काका, एकाला नाही सोडलं. तो माझ्याकडे बघत होता.” मी तिला बिस्किट दिलं. दुसरं काय करणार, तिच्यापेक्षा १,१४५ नी पुढे आहे मी.

यंदा ज्यांना हवे असतील त्यांनी घटस्थापनेनंतर यावं. येताना घरचा एखादा लहान पाट आणावा, आणि तोंड झाकायला रुमाल. शिशाचे मागू नयेत. ते मी देणार नाही.